काका, आजोबांचा कागद तुम्ही शोधलात म्हणून आम्ही निघतोय

काका, नमस्कार.

समोर बसून बोलायला गेले की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. पुढच्या महिन्यात आम्ही पाचजण कायमचे इस्रायलला निघतोय, आलिया म्हणतो आम्ही त्याला, आणि हे तुमच्यामुळे जमलं हे अलिबागच्या इस्रायल आळीला आणि बाहेरच्यांनाही कळायलाच पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही गोष्ट आमच्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव पाडलं शनवार तेली. आडनाव गावावरून, भाषा मराठी, आणि नावंसुद्धा इथलीच होऊन गेली, सॅम्युएलचा समाजी, आयझॅकचा इसाजी. आमच्या आजोबांचंही तेच झालं आणि तिथेच आमची फाईल अडकली.

इस्रायलच्या 1950 च्या कायद्याप्रमाणे ज्यू माणसाला, त्याच्या मुलांना, नातवंडांना तिथे जाऊन नागरिक होता येतं, पण ज्यू आहोत हे कागदावर दाखवावं लागतं. आजोबांचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, 2005 च्या जुलैमधल्या पुरात ट्रंकेतच भिजून त्याचा लगदा झाला होता. शाळेच्या दाखल्यावर इसाजी, रेशनकार्डावर आयझॅक, पप्पांच्या कागदांवर तिसरंच काहीतरी. एका ऑफिसातून मला चार वेळा "एवढं जुनं रेकॉर्ड नाहीये" सांगून परत पाठवलं. चौथ्यांदा मी तुमच्या ओटीवर येऊन रडले, काकूंनी चहा दिला, आणि तुम्ही एवढंच विचारलंत, आजोबा जन्मले कुठल्या गावात?

तलाठी म्हणून रिटायर झालेला माणूस, गुडघे दुखतायत, तरी एप्रिलच्या उन्हात तीन दिवस एसटीने जाऊन जुनी कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, चाळत बसलात. सगळी मोडीतली. मोडी वाचणारी माणसं आता उरलीत किती, मला तर ती नुसती रेघ ओढल्यासारखी दिसते. तिसऱ्या दिवशी फोन आला, "सापडले गं आजोबा." पान पिवळं पडलेलं, कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि जातीच्या रकान्यात 'इसराईल तेली'. तुम्ही बोट ठेवून एकेक अक्षर मला वाचून दाखवलंत तेव्हा मला बोलताच येईना.

पण इसाजी म्हणजेच आयझॅक हे कसं सिद्ध करायचं? तर तुम्हीच म्हणालात, कबरीवर काय लिहिलंय ते बघू. कबरस्तानात करवंदीचं रान माजलेलं, तुम्ही कोयता घेऊन वाट काढलीत, आणि दगडावरची अक्षरं झिजली होती म्हणून घरून आणलेलं तांदळाचं पीठ हलक्या हाताने चोळलंत. हळूहळू अक्षरं उमटली, वर हिब्रूत यित्झाक आणि खाली मराठीत इसाजी. एकाच दगडावर दोन्ही नावं. तो फोटो आणि ती मोडी नोंद जोडली, मग सिनेगॉगचं, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाचं पत्र मिळालं आणि फाईल पुढे सरकली.

आमची माणसं पन्नाशीच्या दशकात तिकडे गेली तेव्हा लग्नं लावताना काही रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घ्यायचे, त्यासाठी त्यांना आंदोलन करावं लागलं आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेने ते पूर्ण ज्यू आहेत असं जाहीर केलं. तिकडच्यांना पुरावा द्यावा लागला, आम्हालाही द्यावा लागला. तुमच्या ओटीवर मात्र आम्हाला कधीच कुणी काही विचारलं नाही, हे मी मुलांना तिकडे गेल्यावरही सांगत राहणार आहे.

का जाताय असं बरेच जण विचारतात. मागेन आबोत या इथल्या सिनेगॉगमध्ये आता प्रार्थनेला दहा पुरुष जमवायलाही फोनाफोनी करावी लागते, आणि मुलांनी आपले सण दहाजणांत नाही तर अख्ख्या गावासोबत करावेत असं वाटतं. आत्या अश्दोदला आहे, तिच्या शेजारीपाजारी अजून मराठी बोलतात, तेवढाच आईला आधार. आईला भारताचा पासपोर्ट परत करावा लागणार याचं फार लागलंय, रोज कपाटातून काढून बघते आणि परत ठेवते.

परवाच्या मलिद्याला, म्हणजे आमच्या आभाराच्या प्रार्थनेला, काकूंनी सकाळपासून बसून चार नारळ खवले, पोहे-गुळात कालवायला. एलियाहू हन्नाबीचं, आमच्या प्रेषिताचं, नाव घेतलं तेव्हा तुम्ही दोघं आमच्यात हात जोडून उभे होतात. आईने ते पाहिलं आणि त्या रात्री खूप दिवसांनी ती शांत झोपली.

चौकटीवरची मेझुझा, म्हणजे आतमध्ये प्रार्थनेची गुंडाळी असलेली छोटी डबी, काल काढली. तिथे दोन खिळ्यांची भोकं राहिलीयत, ती बुजवू नको म्हणालात, नाही बुजवली. पावसाळ्यानंतर आजोबांच्या कबरीवरचं गवत काढून घ्याल ना? कोयता तुमच्याकडेच आहे.

रविवारी सकाळी चावी द्यायला येते. काकूंना म्हणावं चहा टाकून ठेवा.