लाइफबोटीतल्या एअर बॉटल्स

चि. सायलीस अनेक आशीर्वाद,

लाइफबोटींचं मेंटेनन्स आता तुझ्याकडे आलंय म्हणालीस आणि तेवढ्यात रेंज गेली, म्हणून लिहूनच टाकतो. एवढी वर्षं जहाजावर फिटर होतो, त्याचा पोरीला काहीतरी उपयोग होऊ दे.

केमिकल टँकरची बोट सगळी झाकणं लावून 10 मिनिटं चालली पाहिजे, आत हवा चांगली राहिली पाहिजे, हा एलएसए कोडचा, म्हणजे जीवरक्षक साधनांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा, नियम तुला पाठ असेलच. त्यासाठीच बोटीत दाबाने भरलेल्या हवेच्या बॉटल्स असतात, पण पोरांना वाटतं ती हवा नुसती माणसांच्या श्वासासाठी. अगं, माणसं किती घेणार, खरं खादाड तर इंजिन. दीड लिटरचं फोर स्ट्रोक डिझेल 3000 आरपीएमला धर, मिनिटाला दोन हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं, आणि 50 लिटरची बॉटल 200 बारला, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण 200 पट दाबाला, भरलेली असली तरी त्यात हवा साधारण 10,000 लिटर, म्हणजे एक बॉटल पाचेक मिनिटांत खलास. आता झाकणं बंद, इंजिन चालू आणि बॉटल उघडलीच नाही तर आतला दाब पडतो आणि जिथे फट सापडेल तिथून बाहेरचा विषारी गॅस आत येतो. म्हणून आतला दाब बाहेरच्यापेक्षा कधीच कमी नको, आणि 20 मिलिबारच्या वर जास्त पण नको. जास्त झाला तर सोडायला रिलीफ व्हॉल्व्ह असतो, तो हाताने हलतोय ना बघ, कारण डेकवाले रंगाचा ब्रश हातात आला की काय काय रंगवतील सांगता येत नाही. दारांच्या रबरी गास्केटवर पण रंग नको.

गेजचं रीडिंग लिहिताना शेजारी तापमान लिही. गल्फमध्ये 45 डिग्रीला 200 बार दाखवणारी बॉटल थंडीत युरोपात 5 डिग्रीला 175 च्या आसपास दाखवते, लीक काहीच नसतं आणि लोक उगाच पाने घेऊन नट आवळत बसतात. दाब असताना नटाला हातच लावायचा नाही. संशय आला तर साबणाचं पाणी लाव, बुडबुडे आले तर आधी बॉटल बंद, मग लाइनमधला दाब सोडायचा, मगच पाना. व्हॉल्व्ह हळू उघडायचा आणि हाताला तेल ग्रीस असेल तर आधी धुवून ये, एवढ्या दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. इंजिनरूमच्या स्टार्टिंग एअरमध्ये (मोठं इंजिन सुरू करायच्या हवेत) तेलाचा अंश असू शकतो, म्हणून याच कारणाने तिने बॉटल भरायची कल्पना कुणी काढली तर सरळ नाही म्हण (तो 30 बारचा कॉम्प्रेसर तसाही 200 ला पोचणार नाही). ब्रीदिंग एअरच, म्हणजे श्वासाला चालेल अशी स्वच्छ हवाच, लागते.

बॉटलच्या खांद्यावर हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीची) तारीख ठोकलेली असते ती डायरीत उतरवून ठेव, आणि पट्टे हाताने ओढून बघ. तुमची बोट फ्री फॉल, म्हणजे उंचावरून थेट पाण्यात सोडायची, आहे ना, मग सैल बॉटल म्हणजे आत बसलेल्यांच्या डोक्यात लोखंड.

आठवड्याचं, महिन्याचं चेकिंग तुमचं, पण वर्षाचं आणि पाच वर्षांचं सर्टिफाइड माणसाचं, 2020 पासून आयएमओचा (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा) तसा नियमच आहे. तेव्हा बॉटलचा दाब कमी करणारा रेग्युलेटर खोलून बघायची खाज आवर, लहानपणी मिक्सर खोलला होतास तसं नको. सर्व्हिसवाला येईल तेव्हा त्याच्या बाजूला उभी राहा आणि भरपूर प्रश्न विचार, चिडला तरी चालेल.

आणि बोटीत एकटी जाऊ नकोस, आधी मेंटेनन्स पेंडंट (काम चालू असताना बोट सुटू नये म्हणून लावायचे दोर) लावलेत का ते स्वतः बघायचं. आई विचारतेय पुढचं पोर्ट कुठलं, तिला मेसेज कर.

तुझे बाबा