शनिवारच्या सरावाला कोणती काडतुसं आणायची

मंडळी, नमस्कार. शनिवारी सकाळी नऊला रेंजवर भेटतोय. सरावासाठी साधी ११५ ग्रेन (हे गोळीचं वजन) फुल मेटल जॅकेटच, म्हणजे धातूच्या आवरणातल्या गोळीचीच, आणा, ५० च्या खोक्यातली. आधी चुंबक लावून बघा. चिकटली तर घरीच ठेवा, कारण इनडोअर रेंजवर पोलादी गाभ्याची किंवा खोळीची काडतुसं बहुधा चालत नाहीत.

घरच्या पिस्तुलात मात्र पोकळ टोकाची, म्हणजे हॉलो पॉइंट, भरलेली असावीत. गोळी आत शिरल्यावर फुलते, म्हणून आरपार जाण्याचा धोका कमी. एफबीआयच्या जेल-चाचणीत, म्हणजे शरीरासारख्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी झाडून बघतात त्यात, १२ ते १८ इंच शिरकाव योग्य धरतात. पण ड्रायवॉलच्या (जिप्सम बोर्डच्या) भिंती हीसुद्धा सहज भेदते, तेव्हा पलीकडे मुलं झोपली असतील तर 'महागडी आहे, थांबेल' असं समजू नका.

वीसचं खोकं महाग पडतं म्हणून ते न उडवता कपाटात ठेवायचं, ही आपली काटकसर इथे नडते. काही पिस्तुलांत ती रुंद टोकाची गोळी मॅगझिनमधून चेंबरमध्ये जाताना मधल्या उतारावर (रॅम्पवर) अडते. माझ्याच पिस्तुलात दुसऱ्याच मॅगझिनला अडकली होती! निदान दोन खोकी उडवून बघा. आणि तेच काडतूस रोज काढून पुन्हा चेंबरमध्ये भरू नका. गोळी खोळीत मागे दबते, दाब धोकादायक वाढतो.

डिसेंबरात भारतात जाणाऱ्यांनी रेंजची बॅग प्रवासाला अजिबात वापरू नये. कप्प्यात राहिलेलं एक काडतूससुद्धा मुंबई विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल व्हायला पुरतं.