गोलाकडे पाठ करून

मिलान, 19 नोव्हेंबर 2025

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, रविवारच्या इटली-नॉर्वे फुटबॉल मॅचवरून फोनवर तुमचा चढलेला आवाज ऐकला. इथल्या सान सिरो मैदानावर, तेही नॉर्वेकडून 4-1 ने हार म्हणजे राग यायचाच. पण इटलीचा तो एकुलता एक गोल 11 व्या मिनिटाला ज्याने मारला, त्याच्याबद्दल तुम्ही विचारलंत, "हे पोरगं कुठल्या तालमीचं?" त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत मावत नव्हतं. आईचे दोन प्रश्न (पोरांच्या शाळेचं काय, आणि खेळताना हृदयाला काही झालं तर?) राहिलेत आणि शेजारच्या काकांच्या नातवाला इटलीला पाठवायचं प्रकरणही आहेच. म्हणून हे पत्र.

पोराचं नाव फ्रान्चेस्को पियो एस्पोझितो. जन्म 28 जून 2005 चा. गाव कास्तेल्लाम्मारे दी स्ताबिया, नापोलीच्या खाली समुद्राकाठी, वेसुवियसच्या सावलीत. गोलकीपर दोन्नारुम्मा त्याच गावचा, जुना फॉरवर्ड क्वालियारेल्लाही तिथलाच. आपल्या कोल्हापूरच्या पेठांसारखं समजा, गल्लीबोळातून खेळाडू निघतात. घरात तीन भाऊ आणि तिघेही व्यावसायिक: साल्वातोरे 2000 चा, मिडफिल्डला खेळतो, सेबास्तियानो 2002 चा, पुढे खेळतो, आणि हा धाकटा. तिघेही आधी उत्तरेतल्या ब्रेशा क्लबाच्या पोरांत होते. 2014 मध्ये इथल्या मिलानच्या इंटर क्लबाने तिघांना उचललं, तेव्हा पियो नऊ वर्षांचा होता.

दक्षिणेतून उत्तरेत सगळं घरच का हलतं, याला इथल्या फुटबॉल फेडरेशनचा एक नियम कारण असतो. मुलाला 16 पूर्ण नसतील, तर त्याचं कुटुंब क्लबाच्या प्रदेशात किमान सहा महिने राहत असावं लागतं. 14 नंतर काही अटींवर सूट मिळते. त्यामुळे पोरगं क्लबाने निवडलं की आधी प्रश्न येतो तो बापाच्या नोकरीचा आणि भाड्याच्या घराचा. कितीतरी चांगली पोरं तिथेच गळतात, त्यांच्या पायात काही कमी नसतं.

नऊ वर्षांचं पोर म्हणजे इथे 'पुल्चिनी', शब्दशः कोंबडीची पिल्लं. सात-सात जण, छोटं मैदान, छोटा गोल, 4 नंबरचा बॉल आणि 15-15 मिनिटांचे तीन भाग. पुढे 'एसोर्दिएन्ती' म्हणजे नवशिके: नऊ-नऊ जण, 20-20 मिनिटांचे तीन भाग. तेराव्या वर्षाच्या आसपास अकरा-अकरा आणि पूर्ण मैदान. लहान गटांत एक नियम मला फार आवडतो: यादीत नाव असलेल्या प्रत्येक पोराने पहिल्या दोनपैकी एक भाग पूर्ण खेळलाच पाहिजे. कोचला जिंकायची कितीही घाई असली तरी बाकावर कुणाला सडवता येत नाही. बाबा, आपल्याकडे आठ-नऊ वर्षांचं पोर थेट मोठ्या मैदानावर उतरतं आणि घोळक्यात बॉलमागे पळत राहतं. सात-सातच्या खेळात त्याच्या पायाला बॉल कितीतरी जास्त वेळा लागतो, आणि या वयात शिकायचं ते तेवढंच असतं.

या वयात आणखी एक गोष्ट सर्रास बिघडते. गट जन्मसालाने पाडतात, त्यामुळे जानेवारीतलं पोर आणि डिसेंबरातलं पोर एकाच संघात येतं. बाराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे चांगला वीतभर उंचीचा असू शकतो. क्लबासाठी पोरं हेरणाऱ्या स्काऊटला मोठं दिसणारं पोर चटकन भरतं, म्हणून अकादम्यांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेली मुलं जास्त दिसतात. मग सतराव्या वर्षी बाकीचे वाढतात आणि केवळ अंगाच्या जोरावर गोल मारणारा पोरगा साधा होऊन बसतो. हे लक्षात ठेवा, पियोच्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

आई, आता तुझं. शाळा सुटत नाही. इथे वयाच्या 16 पर्यंत शिक्षण सक्तीचं आहे, आणि लांबून आलेली पोरं क्लबाच्या वसतिगृहात राहतात. त्याला 'कोन्वित्तो' म्हणतात. सकाळी शाळा, दुपारी सराव, संध्याकाळी अभ्यासाला शिकवणारे असतात. पोटाची काळजी करू नकोस, जेवणावर आहारतज्ज्ञाचं लक्ष असतं, उलट तुझ्या हातचा तांबडा रस्सा त्यांना सोसवायचा नाही.

तू विचारलेला हृदयाचा प्रश्न मात्र इथे फार गंभीरपणे घेतात. स्पर्धात्मक फुटबॉल खेळायचं तर 12 व्या वर्षापासून दरवर्षी क्रीडा-वैद्यकाचा दाखला लागतो: ईसीजी, आधी आडवं झोपवून आणि मग श्रम करायला लावून, फुफ्फुसाची चाचणी, लघवीची तपासणी. दाखल्याशिवाय मैदानावर पाऊल नाही, मग तो कोणीही असो. डेन्मार्कचा एरिक्सन इंटरचाच खेळाडू होता. 2021 मध्ये मैदानात कोसळल्यावर त्याच्या छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र बसवलं. त्या यंत्रासह इटलीत खेळायला परवानगी नाही, म्हणून त्याच डिसेंबरात करार संपवला, आणि तो पुढे इंग्लंडात खेळला.

वय वाढत जातं तसा संघ बदलतो आणि शेवटी येतो 'प्रिमावेरा', म्हणजे वसंत. अकादमीचा हा सगळ्यात वरचा संघ; पूर्वी 19 वर्षांखालचा होता, 2024-25 पासून वयोमर्यादा 20 केली. इंटरच्या प्रिमावेराचा कोच त्या वेळी रुमानियाचा क्रिस्तियान किवू होता, 2010 मध्ये इंटरने तिन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या संघातला डिफेंडर. पियो त्याच्याच हाताखालून गेला.

बाबा, इटलीचं खरं दुखणं इथूनच सुरू होतं. तुम्ही म्हणता, "यांच्याकडे पोरंच राहिली नाहीत." तसं नाही. 2023 मध्ये इटलीची पोरं 20 वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात होती (उरुग्वेकडून 1-0 ने हरली, पियो त्या संघात होता), त्याच उन्हाळ्यात 19 वर्षांखालची युरोपची स्पर्धा जिंकली, 2024 मध्ये 17 वर्षांखालची जिंकली. पोरं आहेत, ती मधल्या खड्ड्यात पडतात. अठरा ते एकवीस या वयात त्यांना मोठ्यांच्या मॅचमध्ये मिनिटंच मिळत नाहीत. सेरी आ या सगळ्यात वरच्या लीगमधला कोच (इथे 'ए'ला 'आ' म्हणतात) तीन मॅच हरला की त्याची नोकरी जाते. तो कशाला नवख्यावर डाव लावेल? प्रिमावेरात गोलांचा ढीग घातलेला पोरगा मग वरच्या बाकावर बसून गंजतो.

हे एस्पोझितोंच्या घरातच घडून गेलं आहे. मधला भाऊ सेबास्तियानो मार्च 2019 मध्ये, 17 व्हायच्या आतच, इंटरच्या मोठ्या संघातून युरोपा लीगमध्ये उतरला. त्याच डिसेंबरात जेनोवाविरुद्ध इंटरच्याच लुकाकूने पेनल्टी स्वतः न घेता त्याच्या हवाली केली, आणि त्याने ती मारली. सगळ्या इटलीने त्याला डोक्यावर घेतलं. पुढे काय? क्लबामागून क्लब: स्पाल, वेनेझिया, बाझेल, अँडरलेख्त, बारी, सॅम्पदोरिया, एम्पोली आणि आता कॅग्लियारी. दरवर्षी नवा कोच, नवी पद्धत, नवं घर. तो वाईट खेळाडू मुळीच नाही, मुळं धरायला त्याला जागाच मिळाली नाही.

धाकट्याच्या बाबतीत इंटरने वेगळं केलं, आणि माझ्या मते सगळी मेख त्यातच आहे. 2023 च्या उन्हाळ्यात, 18 वर्षांचा असताना, त्याला सेरी बीमधल्या, म्हणजे दुसऱ्या पायरीच्या लीगमधल्या, स्पेझिया क्लबाकडे उसना दिला. क्लबाचा दुसरा संघ सेरी चीमध्ये ('सी'ला इथे 'ची' म्हणतात, ही तिसरी पायरी) खेळवायची सोय इथे 2018 पासून आहे. युव्हेंटसने ती लगेच घेतली, इंटरचा दुसरा संघ मात्र याच वर्षी उतरला. पियोच्या वेळी दुसरा रस्ता नव्हता.

उसनं देण्याचेही प्रकार आहेत. साधा 'प्रेस्तितो' म्हणजे हंगाम संपला की पोरगा परत. दुसऱ्यात घेणाऱ्या क्लबाला ठरलेल्या किमतीला विकत घ्यायचा हक्क असतो. तिसऱ्यात मूळ क्लब थोडे जास्त पैसे भरून त्याला परत खेचू शकतो. साध्या प्रकारात खोट ही की घेणाऱ्याला काय पडलंय? दुसऱ्याचं शेत तो का नांगरेल? म्हणून मूळ क्लब पुष्कळदा बक्षीस ठेवतो: इतक्या मॅच खेळवा, इतके पैसे घ्या. तरीही निम्मी पोरं बाकावरच बसतात. पोरगा कुठे पाठवला यापेक्षा तिथल्या कोचला त्याची गरज आहे का, हे पाहावं लागतं. स्पेझिया नुकताच सेरी आमधून खाली आलेला, गोल मारणारा हवाच होता, आणि थोरला भाऊ साल्वातोरे तिथे आधीपासून खेळत होता.

पहिल्या हंगामात पियोने लीगमध्ये मारले फक्त 3 गोल. बाबा, शाहू स्टेडियमवर अशा फॉरवर्डला दुसऱ्या मॅचला घरी पाठवलं असतं. स्पेझिया खाली घसरत होता, पुन्हा खालच्या लीगमध्ये जायची वेळ आलेली, तरी त्याला खेळवत ठेवलं.

गोल का येत नव्हते, ते नीट सांगते, कारण तुम्हाला ते आवडेल. पियो 1.91 मीटर उंच. पोरांच्या मॅचमध्ये उंच फॉरवर्ड पाठ गोलाकडे करून उभा राहतो, मागून चिकटलेला डिफेंडर त्याच्याच वयाचा असतो, नुसत्या पाठीने ढकलला की काम झालं. सेरी बीमध्ये मागे उभा असतो 32 वर्षांचा गडी. तो ढकलाढकलीत पडतच नाही. बॉल येण्याच्या आधी अर्धा सेकंद हलकेच कमरेला रेटतो, रेफरीला न दिसेल असा शर्ट धरतो, आणि पोरगा तोल सावरेपर्यंत बॉल निघून जातो. यावर उपाय ताकदीचा नाही, वेळेचा आहे. बॉल यायच्या आधी आपणच त्याच्या अंगाला भिडायचं, म्हणजे तो कुठे आहे ते पाठीला कळतं. गुडघे वाकवून बूड खाली, पाय खांद्यांपेक्षा रुंद, हात पसरून त्याला लांब ठेवायचं पण कोपर वर न्यायचं नाही, नाहीतर फाऊल. बॉल घ्यायचा तो त्याच्यापासून दूरच्या पायावर. आणि घ्यायच्या आधी एकदा मान वळवून बघायचं, वळायला जागा आहे की सरळ मागे पास द्यायचा. ज्याला वळायची घाई, त्याचा बॉल गेलाच. हे सरावात शिकवता येतं, पण मुरायला तसे गडी पाठीवर घेऊन आठवडामागून आठवडा मॅच खेळाव्या लागतात.

इंटरने त्याला दुसऱ्या वर्षीही तिथेच ठेवलं. तोच क्लब, तोच कोच लुका दान्जेलो, तोच भाऊ मागून पास देणारा. 2024-25 मध्ये लीगमध्ये 17 गोल आणि वर जाण्यासाठीच्या प्लेऑफमध्ये आणखी 2. स्पेझिया अंतिम फेरीत क्रेमोनेसेकडून हरला, सेरी आ हुकली.

आणि मग नशिबाने साथ दिली, तेही लिहिलं पाहिजे. जून 2025 मध्ये किवूच इंटरच्या मोठ्या संघाचा कोच झाला. पोराचं बळ कशात आहे हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. अमेरिकेतल्या क्लब विश्वचषकात, विसावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, पियोने अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट क्लबाविरुद्ध गोल केला. सप्टेंबरात इटलीकडून पहिली मॅच एस्तोनियाशी; त्याच महिन्याच्या शेवटी सेरी आमधला पहिला गोल, समोर कॅग्लियारी, म्हणजे सेबास्तियानोचाच संघ. ऑक्टोबरात इटलीकडून पहिला गोल. रविवारचा गोल पुन्हा बघा: पाठ गोलाकडे, अंगाला गडी, बॉल घेतला आणि वळला. तो गोल स्पेझियात शिकलेला आहे.

आता काकांचा नातू. पोरगं पंधराचं आहे, आणि कुणीतरी "इटलीत अकादमीत नोंदणी करून देतो" म्हणून पैसे मागतंय. बाबा, त्यांना स्पष्ट सांगा. फिफाच्या नियमांत कलम 19 आहे: 18 वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली होत नाही. अपवाद मोजके आहेत. आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले तर, युरोपातल्या युरोपात 16 ते 18 चे असतील तर, सीमेलगत 50 किलोमीटरच्या आत राहत असतील तर, असे. कोल्हापूरचं पोर यातल्या कशात बसत नाही. बार्सेलोनासारख्या क्लबावर याच कारणाने नवे खेळाडू घ्यायला बंदी आली होती, तिथे लहान अकादमीची काय कथा? फी भरून महिनाभराचं शिबिर करता येतं, क्लबाच्या नावाचा टी-शर्टही मिळतो, पण ती नोंदणी नव्हे. एजंट म्हणवणाऱ्याला फिफाचा परवाना दाखवायला सांगा. खऱ्या एजंटालाही अल्पवयीन पोराशी बोलायचं तर पालकांची लेखी संमती आधी घ्यावी लागते. तेवढ्या पैशांत त्याला तिथे कोल्हापुरातच चांगल्या कोचकडे आणि शाळेच्या संघात दोन वर्षं मनापासून खेळू द्या. अनिकेत जाधवही कोल्हापूरचाच, 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला, आणि त्यासाठी त्याला इटलीला जावं लागलं नाही.

या रविवारी इंटर-मिलान आहे. तुमच्याकडे रात्री सव्वाएकला सुरू होईल. बाबा, जागू नका, रक्तदाबाची गोळी घेऊन झोपा आणि सकाळी मोबाइलवर बघा. आई, त्यांचं ऐकू नकोस.

तुमची,
मीनू