आरसा गेला नाही, चांदी गेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हुपरीच्या चांदी कारागिरांवरची आपली पुरवणी वाचली. पैंजण, जोडवी, कमरपट्टे सगळं आलं. चांदीचं एक काम मात्र राहिलं: दुर्बिणीच्या आरशावर चांदी चढवणं.

मी कॉलेजात फिजिक्सचा प्रयोगशाळा सहायक होतो. १९९६ साली इथल्या एका शाळेसाठी दुर्बिणीचा सहा इंची आरसा हाताने घासला. आधी कार्बोरंडमची पूड, शेवटी डांबराच्या थरावर सिरियम ऑक्साइड. तीन महिने गेले. पुढच्या वर्षी त्यातूनच पोरांनी पन्हाळ्यावर हेल-बॉप धूमकेतू पाहिला.

गेल्या महिन्यात सहज त्या शाळेत गेलो, तर दुर्बीण भंगारात. कुणीतरी आरसा भांड्यांच्या पावडरीने लख्ख करायला गेलं होतं! बाई म्हणाल्या, "काका, आरसा गेला, नुसती काच उरलीय." अहो, ती काच म्हणजेच दुर्बीण, तिचा खोलगट आकारच प्रकाश एकत्र आणतो. घरच्या आरशात चांदी काचेमागे असते, वरून रंगाचा थर. इथे ती पुढच्या अंगाला, उघडी. म्हणजे प्रकाश काचेत शिरत नाही, प्रतिमा दुहेरी दिसत नाही. म्हणूनच ती फडक्यानेही ओरखडते आणि नाल्याकडेच्या घरातल्या समईसारखी हवेतल्या गंधकाने काळवंडते. भिंगाखाली पाहिलं, काचेवर दोन-तीन बारीक चरे. बाकी खोलगटपणा जसाच्या तसा.

चांदी पुन्हा चढते. १८५० च्या दशकात जर्मनीत स्टाइनहाइल आणि फ्रान्समध्ये फुको यांनी दुर्बिणीसाठी हे केलं. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात अमोनिया थेंबथेंब टाकला, की आधी चहासारखं गढूळ होतं, मग नितळतं. कॉस्टिक पोटॅश घातलं की परत काळं, परत अमोनिया. शेवटी साखरेचं द्रावण. ताटलीत नुसता चिखल दिसतो, पहिल्यांदा तर माझा धीरच सुटला होता. थोड्या वेळाने काच उचलून धुतली, तर आत माझंच तोंड! सहा इंची काचेवर बसते जेमतेम २० मिलिग्रॅम चांदी, पैंजणाच्या एका घुंगरालाही पुरायची नाही. द्रावणात अर्थात जास्त जाते.

हल्ली बहुधा ॲल्युमिनियमचा लेप देतात. तो वर्षानुवर्षं टिकतो, पण त्याला निर्वात यंत्र लागतं. उघडी चांदी काही महिन्यांत मंदावते, मात्र ताजी असताना दिसणारा प्रकाश ९५ टक्क्यांच्या वर परतवते. ॲल्युमिनियम ९० च्या आसपास. जेमिनी या मोठ्या दुर्बिणींच्या ८ मीटरच्या आरशांवरही चांदीच आहे, वर संरक्षक थर देऊन.

शहरातल्या एखाद्या कॉलेजच्या रसायन विभागाने वर्षातून एक दिवस शाळांचे आरसे चांदवून द्यावेत, एवढीच विनंती. शाळेतल्या शाळेत कुणी करू नये. उरलेलं द्रावण बाटलीत भरून ठेवलं तर त्याचा स्फोट होऊ शकतो. काम झाल्या झाल्या हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून ते निकामी करावं लागतं.

तो आरसा मी मागून आणलाय. बायकोच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवलाय.

एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर