सोलापूरच्या किडींची जनुकीय नोंद सोलापूरच्या नावाने व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगोला, पंढरपूर भागात खोडकिडीपायी डाळिंबाच्या बागा मुळासकट काढाव्या लागल्या, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. खोडावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं, बुंध्याशी पांढरट भुसा. तो नजरेला पडेपर्यंत झाड आतून गेलेलं असतं. हा बारीक भुंगेरा खोडात बोगदे कोरतो आणि सोबत आणलेली बुरशी तिथे वाढवतो. वरवरची फवारणी आत पोचतच नाही.

या शॉट होल बोररच्या काही जाती इतक्या सारख्या दिसतात की सूक्ष्मदर्शकाखालीही नक्की सांगता येत नाही. मग डीएनए पाहावा लागतो. एका जनुकाचा, डीएनएच्या साधारण 650 अक्षरांचा तुकडा वाचून तो जेनबँक किंवा बोल्ड या डीएनए क्रमांच्या ऑनलाइन संग्रहांशी ताडून बघता येतो; ही ताडणी फुकट होते. मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीचंच घ्या. ती भारतात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली 2018 मध्ये. तिचा संपूर्ण जीनोम, म्हणजे तिच्या सगळ्या डीएनएचा क्रम, 2017 मध्येच प्रसिद्ध झाला होता. त्यामुळे इथल्या संशोधकांना अगदी शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही. कीटकनाशक पचवणारी जनुकं कोणती, हेही अशा जीनोममध्ये शोधता येतं.

मी प्राणिशास्त्र शिकवते. विद्यार्थी उन्हातान्हात फिरून किडी गोळा करतात, प्रबंध बांधून होतो आणि कपाटात जातो. पेटीतल्या किड्याखालच्या चिठ्ठीवर फक्त ‘डाळिंब’ लिहिलेलं असतं. गाव नाही, तारीख नाही. हे मला फार लागतं. कीड कुठून आली, कधी पसरली, हे पुढे शोधायचं तर गाव, पीक आणि तारीखच लागणार ना?

संपूर्ण जीनोम वाचणं मोठ्या संस्थांचं काम आहे, त्याचा आग्रह नाही. पण या छोट्या तुकड्याचा खर्च आता महाविद्यालयांना झेपण्यासारखा आहे. पीक-किडींवरच्या प्रत्येक एम.एस्सी. प्रबंधातला नमुना जपावा, त्याचा डीएनए क्रम जेनबँकेत जमा करावा आणि मिळालेला नोंदणी क्रमांक प्रबंधाला जोडावा, असा नियम सोलापूर विद्यापीठाने करावा. ओळख पटवायला केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने मार्गदर्शन करावं, अशी विनंती आहे. नव्या वर्षाचे प्रबंधाचे विषय ठरण्याआधी हा निर्णय झाला, तर याच मृग बहाराचे नमुने नोंदवता येतील.

आपली,
प्राणिशास्त्राची एक प्राध्यापिका, सोलापूर