सागरी महामार्गाचे खाडीपूल आधी पूर्ण करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांना किनाऱ्यालगत जोडणारा रेवस-रेडी सागरी महामार्ग सुमारे 500 किलोमीटर लांबीचा आहे. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे 1980 च्या सुमारास, या मार्गाची कल्पना पुढे आली. चार दशके उलटली, तरी नकाशावर अखंड दिसणारा हा राज्य महामार्ग प्रत्यक्षात ठिकठिकाणी खाडीच्या काठावर येऊन थांबतो. त्याच्या रुंदीकरणाची चर्चा वारंवार होते, पण रस्ता मुळात तुटतो कुठे, हा प्रश्न मागे पडतो.

कोकणातील रस्त्यांची रचना पाहिली की या पुलांचे महत्त्व कळते. मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे पूर्वीचा क्रमांक 17 आणि आताचा 66, किनाऱ्यापासून बराच आत, महाड, खेड, चिपळूण असा जातो. किनाऱ्यावरची गावे त्याला पूर्व-पश्चिम फाट्यांनी जोडलेली आहेत. त्यामुळे समोरासमोर दिसणाऱ्या दाभोळ आणि धोपावे या गावांमध्ये रस्त्याने जायचे, तर खेड-चिपळूणकडून मोठा वळसा पडतो. तवसाळहून जयगडला जाणाऱ्याला शास्त्री नदी ओलांडण्यासाठी भातगावच्या पुलापर्यंत आत जावे लागते. आगरदांडा-दिघी आणि वेसवी-बागमांडले येथेही वाहने नेणाऱ्या जंगल जेटीचाच, म्हणजे फेरीबोटीचाच आधार आहे. ही सेवा आजवर लोकांच्या फार उपयोगी पडली आहे, परंतु ती वेळापत्रकाने आणि हवामानाने बांधलेली असते. रात्री-अपरात्री रुग्णाला हलवायचे असेल किंवा वादळी वाऱ्यात फेऱ्या बंद असतील, तेव्हा त्या गावांपुरता राज्य महामार्ग उरतच नाही.

जिथे पूल झाले, तिथला फरक सर्वांसमोर आहे. रेवदंडा-साळाव पुलाने अलिबाग आणि मुरूड जवळ आणले, तर भाट्ये खाडीवरील पुलामुळे पावस-पूर्णगडचा परिसर रत्नागिरी शहराशी जोडला गेला. याउलट, बाणकोट खाडीवरील पुलाचे काम सुरू होऊन अर्ध्यावर रखडले आणि त्यात कित्येक वर्षे गेली.

खाडीवरचा पूल हे सोपे काम नाही, याची जाणीव आहे. तळाशी गाळाचे जाड थर असतात, खाऱ्या हवेने पोलाद गंजते, आणि मासेमारी नौका व जहाजांची ये-जा चालू राहावी म्हणून पुलाचे गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, उंच आणि लांब ठेवावे लागतात. खर्च वाढतो तो यामुळेच. पण नेमक्या याच कारणासाठी निधीचा पहिला हक्क पुलांना असायला हवा, कारण रुंदीकरण टप्प्याटप्प्याने करता येते, तर अर्ध्या पुलाचा कोणालाही उपयोग नसतो. शिवाय गुहागर, श्रीवर्धन, मुरूड यांसारख्या गावांत घरे आणि नारळ-पोफळीच्या वाड्या रस्त्याला अगदी लागून आहेत. तिथे सरसकट रुंदीकरणाचा आग्रह धरला, तर भूसंपादनाचा वाद उभा राहील आणि पुलांची कामेही त्यात अडकतील. अशा ठिकाणी गावाबाहेरून वळणरस्ता काढावा आणि जुना रस्ता आहे तसा गावाच्या वापरासाठी ठेवावा.

मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू होऊन किती रेंगाळले, हे कोकणवासीयांनी सोसले आहे. आता त्याच पट्ट्यात नवा द्रुतगती महामार्गही प्रस्तावित आहे. दूर पल्ल्याच्या वाहतुकीला त्याचा लाभ होईल. पण किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याला, मच्छीमाराला किंवा विद्यार्थ्याला जायचे असते ते बहुधा पलीकडच्या तालुक्यात, आणि ते अंतर फक्त सागरी महामार्गच कमी करू शकतो.

खाडीपुलांची जबाबदारी असलेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे म्हणून एक स्पष्ट मागणी आहे. रेवस-करंजापासून जयगडपर्यंतच्या प्रत्येक पुलाची सद्यस्थिती, पूर्ण होण्याची तारीख आणि जोडरस्त्यांच्या भूसंपादनाची प्रगती दर तीन महिन्यांनी जाहीर करावी. जोडरस्त्यांची जमीन ताब्यात येण्याआधी पुलाचे काम सुरू करू नये, आणि एकदा सुरू केलेले काम निधीअभावी थांबणार नाही, अशी तरतूद राज्याच्या अर्थसंकल्पात त्या त्या पुलाच्या नावाने स्वतंत्रपणे दाखवावी.

आपला,
एक वाचक