वेदीपाशी ठेवलेलं

प्रिय रूथ,
ख्रिस्तात सलाम.

बुधवारी तू फोन आपटलास, त्याला आज चार दिवस झाले. आज चर्चला गेलीस का, हे विचारायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे.

"कपाळाला पश्चात्तापाची राख लावून तू मावशीच्या दारावरूनच घरी येतेस ना?" म्हणालीस. खरं आहे. त्या दिवशी पंचहौदच्या चर्चमधून निघाले, तिच्या गल्लीच्या तोंडाशी पदर पुढे ओढला आणि भराभर चालत सुटले. ती गॅलरीत तांदूळ निवडत होती. तिनं पाहिलं असणार. अकरा वर्षं झाली त्या बांगड्यांच्या भांडणाला.

आजी आठवते तुला? केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. भाकरी थापताना तिचे ओठ हलायचे. एकदा मी कान देऊन ऐकलं, तर एकेका शेजारणीचं नाव घेऊन प्रार्थना चाललेली. नळावर जिच्याशी भांडण झालं होतं, तिचं नाव सगळ्यात आधी. तव्यावर भाकरी करपली, तरी ते नाव पुरं केल्याशिवाय उलथनं उचललं नाही.

तीच सांगायची, पंडिता रमाबाईंनी १८८३ साली बाप्तिस्मा घेतला, पण आठ वर्षांनी त्यांना उमगलं की ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा राहिला. स्वतःच लिहून ठेवलंय त्यांनी. मी तर जन्मापासून चर्चमध्ये आहे गं.

पण म्हणून चर्चच सोडायचं? दार लावून प्रार्थना कर म्हणणारा प्रभू स्वतः शब्बाथाला सभास्थानात जायचाच. तिथं एकटी राहतेस, आजारी पडलीस तर दार वाजवणारं कोण आहे? सवय एकदा मोडली की... बघ, लागले शिकवायला. माफ कर.

अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, हा मत्तयाचा पाचवा अध्याय संडेस्कूलमध्ये मीच तुमच्याकडून पाठ करून घेतला. तोच तू मला ऐकवलास. राग आला. मग रात्री वाटलं, माझ्या पोरीनं नीट ऐकलं होतं.

आज प्रभुभोजनाला पुढे गेले नाही, बाकावरच बसून राहिले. येताना मावशीचा जिना चढले, तीन पायऱ्या. वर कुकरची शिट्टी झाली आणि मी मागे फिरले.

उद्या परत जाणार आहे. रिकाम्या हातानं कशी जाऊ? तिला साखर चालते का आता? तू तिला फोन करतेस, मला ठाऊक आहे. तेवढं कळव.

आणि आज गेली होतीस का, तेही.

तुझी,
आई